तांबड्या रश्शावरचा आळ

कान वाजायला लागला की कोल्हापुरात पहिला संशय ताटावर जातो. माझा डावा कान अकरा वर्षांपूर्वी वाजायला लागला, तेव्हा शेजारच्या वहिनींनी तिखट बंद करायला सांगितलं, आत्यानं आंबट सोडायला लावलं आणि तालमीतल्या जुन्या दोस्तानं चहावर बोट ठेवलं. "डोक्यात उष्णता चढलीया भावा. पांढरा रस्सा चालंल, तांबडा सोड," हा त्याचा निकाल. तिघांचंही ऐकून मी दोन महिने दूध-भाकरीवर काढले. आवाज होता तिथंच राहिला, वजन तेवढं साडेतीन किलोनं उतरलं.

आवाज कसला, तर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक सूं ऐकू येते ना, तसला. ती शिट्टी होऊन एकदाची संपते. ही होतच नाही. कुणाच्या कानात रातकिडा किरकिरतो, कुणाच्या भुंगा फिरतो, कुणाला लांबवर पाण्याची मोटर चालू असल्यासारखं वाटतं. इंग्रजीत याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत हा आहे. माधवनिदानात भेरी, मृदंग, शंख असे आवाज ऐकू येतात असं म्हटलंय. ग्रंथकार कोल्हापूरचा असता तर हलगी नक्की घातली असती. सांगायचं एवढंच की दुखणं जुनं आहे. २०२२ साली जगभरच्या पाहण्यांची एकत्र मोजणी झाली, तीत प्रौढांपैकी साधारण १४ टक्के लोकांना हा आवाज कधी ना कधी येतो आणि सुमारे २ टक्क्यांना तो फार छळतो, असं निघालं. पहिला आकडा आणि दुसरा आकडा यांच्यामध्ये जी दरी आहे, तिच्यातच या प्रकरणाचा सगळा मामला आहे. आवाज पुष्कळांना येतो, छळतो थोड्यांना. असं का?

१९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी अमेरिकेत एक गंमतशीर प्रयोग केला. ऐकू नीट येणारी, कानाची काही तक्रार नसलेली ८० माणसं घेतली, प्रत्येकाला बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा खोलीत थोडा वेळ बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. खोलीत आवाज करणारं काही नव्हतं. तरी ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. गुणगुण, सूं, शिट्टी. म्हणजे कानामागचं यंत्र चालू असतं तेव्हा थोडी खरखर करतंच. एरवी ती रस्त्याच्या गलक्यात बुडून जाते.

हे यंत्र थोडं उघडून बघू. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी ओळीनं उभ्या असतात, एका कानात साधारण १५ हजार. गव्हाच्या शेतातून वारा जावा तशा त्या आवाजाच्या लाटेनं झुकतात आणि मेंदूला खबर देतात. आडवं झालेलं पीक कधी कधी परत उभं राहतं, तशा या पेशी थोड्याशा माराला सावरतात. मार मोठा असेल किंवा रोजचा असेल तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच सुराचे आवाज टिपणाऱ्या पेशींचा नंबर आधी लागतो. तिकडून येणारी खबर थांबली की मेंदू, स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो, तसं करतो. स्टेशन लागत नाही, खरखर तेवढी वाढते. कानातली सूं ही बऱ्याच अंशी ती खरखर. आवाज डाव्या कानात वाटतो, पण तो तयार होण्यात मेंदूचा मोठा हात असतो.

मग या पेशी मारतं कोण? तांबडा रस्सा तिथवर पोचत नाही. आमच्या जिल्ह्यात त्यांचे मारेकरी उघडपणे फिरतात.

शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत एखाद्या फौंड्रीच्या फेटलिंग खात्यात दहा मिनिटं उभं राहून बघा. ओतलेलं कास्टिंग साच्यातून निघालं की त्याच्या कडेला राहिलेला जादा पत्रा ग्राइंडरनं घासून काढतात. लोखंडावर दगड फिरतो तेव्हाचा तो चरचरता, किंचाळणारा सूर अगदी त्याच पट्टीतला असतो जिथं कान नाजूक आहे. शेजारच्याला काही सांगायचं तर खांद्याला हात लावून, कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून तिथल्या कित्येक पिढ्या धोट्याच्या खडखडाटात वाढल्या. जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढेच असतो. मागावरचे कामगार एकमेकांशी खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलतात, याचं तिथं कुणालाच नवल वाटत नाही. घरी टीव्ही मोठ्यानं लागतो, त्याचंही नाही.

डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नसतो, तिथंच लोक फसतात. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते. ८५ डेसिबलमध्ये ८ तास काढले तर ती मर्यादा, असं कानाच्या सुरक्षेसाठी धरतात. मग ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. असं उतरत गेलं की १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात आणि १०९ ला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबल धरलेत, म्हणजे हा हिशेबही जरा सैलच आहे.

आता अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा महाद्वार रोड डोळ्यांसमोर आणा. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला आपण डॉल्बी म्हणतो. ज्या कंपनीचं हे नाव, तिनं हे ऐकलं तर तीही कान धरेल. त्या भिंतीसमोर शंभराच्या पुढं आकडा जाणं नवलाचं नाही. १५ मिनिटांचं खातं तिथं कधीच संपतं, आणि आपली पोरं चार तास नाचतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे, पण ती त्या रात्री कुणाला आठवत नाही. माझ्या कानाचं लग्न अशाच एका रात्री लागलं. घरी आलो तेव्हा दोन्ही कानांना दडे बसले होते, बायको काय बोलते ते विहिरीतून आल्यासारखं वाटत होतं. उजवा कान दोन दिवसांनी उघडला. डाव्यानं सूं सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. आणि दोस्त म्हणतो, तांबडा सोड.

तरी ताटाची तपासणी करूया, कारण लोकांना पथ्य विचारल्याशिवाय करमत नाही आणि काही पथ्यांत तथ्यही आहे.

चहापासून. वर्षानुवर्षं डॉक्टरही कान वाजणाऱ्याला चहा-कॉफी सोडायला सांगत आले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली ते तपासलं. कान वाजणाऱ्या ६६ चहा-कॉफीबाजांना ३० दिवस अशा रीतीनं ठेवलं की आपल्या कपात कॅफीन आहे की नाही ते त्यांना कळू नये. कॅफीन बंद झाल्यानं आवाज कमी झाला नाही. डोकेदुखी आणि मळमळ मात्र झाली. अमेरिकेतल्या ६५,०८५ नर्सबायकांचा १८ वर्षं माग काढला, त्यात तर जास्त कॅफीन घेणाऱ्यांना कर्णनाद कमी झालेला दिसला. याचा अर्थ कॉफी हे औषध आहे असा कुणी काढू नये. दोन गोष्टी बरोबर चालल्या म्हणजे एकीनं दुसरी घडवली असं नसतं. चहाचा दोष सिद्ध झालेला नाही, एवढंच खरं. संध्याकाळी सातनंतरचा चहा झोप उडवत असेल तर तेवढा सोडा. सकाळचा सोडून स्वतःचे हाल करू नका.

मिठाचं प्रकरण वेगळं आहे. पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली एक विकार मांडला. भोवंडून टाकणारी चक्कर, कानाला दडा, ऐकू कमी येणं आणि कान वाजणं, असं सगळं झटक्यानं येतं आणि जातं. आतल्या कानातल्या पाण्याचा दाब बिघडतो असं मानतात, म्हणून मीठ कमी करायला सांगतात. त्याचेही पुरावे काही फार भक्कम नाहीत, पण हा विकार असलेल्या कित्येकांना मीठ आवरल्यानं बरं वाटतं, आणि रक्तदाबाला तर फायदा आहेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट असा एक छोटा चमचा. आता आपली मिसळ घ्या. कटात मीठ, फरसाणात मीठ, पावात मीठ, वर पापडाचा चुरा. घरी आल्यावर भाकरीबरोबर खर्डा, सांडगी मिरची, लोण्यावर मीठ. तिखटाला कोल्हापूर उगाच बदनाम आहे. त्याच्या आडून आपण मीठ खातो. चक्कर येणाऱ्यानं तिखटाकडं न बघता मिठाचा डबा मोजावा. चक्कर नसेल, नुसती सूं असेल, तर मिठानं ती थांबेल अशी आशा धरू नये.

फळांच्या बाजूनं अलीकडे जरा बरी साक्ष आली आहे. २०२५ साली आठ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा फळं, चोथा असलेलं अन्न, दूधदुभतं आणि कॅफीन जास्त घेणाऱ्यांमध्ये कर्णनादाचं प्रमाण कमी दिसलं. इथंही आधीचीच सावधगिरी लागू. पण पेरू, केळं, ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ आणि वाटीभर दही यांनी कुणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. दुधाचं म्हणाल तर गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली पेला धरणाऱ्या गावाला ते आणखी काय सांगायचं! शुद्ध शाकाहारी असाल तर बी-१२ एकदा तपासून घ्या. अंगात रक्त कमी असेल तरी कान वाजू शकतो, विशेषतः नाडीच्या ठोक्यावर सूं-सूं होत असेल तर. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड याच रक्तात कळतात. कमतरता असेल तर ती भरून काढायची. नसताना गोळ्यांचा मारा करायचा नाही. जिंको, जस्त, मेलाटोनिन यांच्या ‘कानासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या घेऊ नयेत असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय. त्या पैशात महिनाभराची फळं येतात.

तंबाखूबद्दल थोडक्यात: ओढण्याचा आणि कर्णनादाचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे. मिश्री, मावा, चुना लावून मळलेली चिमूट यांतही निकोटिन तेच, आणि रात्री झोपायच्या आधी मिश्री लावणारीला झोप कशी लागणार? गोळ्यांचं मात्र बहुतेकांना माहीतच नसतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाणाऱ्यांचे कान वाजू शकतात. अ‍ॅस्पिरिन मोठ्या मात्रेत कान वाजवतं हे जुनंच ज्ञान. क्विनाइन, काही अँटिबायोटिक इंजेक्शनं, कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन हीसुद्धा त्याच पंगतीतली. हृदयासाठी दिलेली छोटी अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि तेल. आजीनं लसूण तळून कोमट तेल कानात घातलं, हे सगळ्यांच्या आठवणीत आहे. पडद्याला भोक असेल तर ते तेल आत जाऊन घाण करतं, आणि आमच्या पावसाळी दमट हवेत ओलसर कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. मळाचा बोळा अडकून कान वाजत असेल तर तो डॉक्टर पाच मिनिटांत काढतात. केसाची पिन, गाडीची किल्ली, काडेपेटीची काडी यांनी तो आणखी आत जातो.

दूध-भाकरीचे दोन महिने वाया गेल्यावर मी वही धरली. रोज रात्री चार गोष्टी लिहायच्या: काय खाल्लं, किती झोपलो, कुठं गलका झाला, आणि आवाज दहापैकी किती. चाळीस दिवस लिहिलं. रविवारच्या तांबड्या रश्शासमोर कधी चार होते, कधी पाच, इतर वारांसारखेच. सात-आठ होते ते झोपमोड झालेल्या रात्रींनंतर, आणि वराती-मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी. एक गोष्ट मात्र रश्शाच्या विरोधात गेली. हॉटेलात रात्री साडेअकराला ओरपलेला रस्सा पहाटे तीनला घशाशी येतो, जाग येते, आणि पहाटे तीनच्या शांततेत कुकर जोरात असतो. आठच्या आत जेवलो की तो निर्दोष. एका माणसाची वही म्हणजे काही संशोधन नव्हे, पण स्वतःचा शत्रू ओळखायला ती पुरते. ऐकीव पथ्यं पाळण्याआधी प्रत्येकानं ती धरावी.

या शांततेचं नीट सांगायला हवं, कारण कान वाजणारी माणसं इथं दुसरी चूक करतात. गलक्यानं वाट लावली म्हणून ती गलक्यापासून पार पळतात. दारं-खिडक्या लावतात, दिवसभर कानात बोळे घालतात. मेंदूला बाहेरून काही मिळेनासं झालं की तो आतली खरखर आणखी मोठी करतो. कानाचा उपवासही वाईट आणि अजीर्णही. रात्री पंखा चालू ठेवा, हळू आवाजात रेडिओ लावा, फोनवर पावसाचा आवाज लावा. आतली सूं पूर्ण झाकायची नाही, तिला सोबत द्यायची. माझे सगळ्यात सुखाचे महिने म्हणजे जून-जुलै. मागच्या खोलीवर पत्रा आहे. त्यावर पाऊस लागला की रात्रभर धडधड, मागच्या डबक्यात बेडूक, आणि डाव्या कानातला कुकर असून नसल्यासारखा. ऑक्टोबरात पाऊस जातो तेव्हा पहिले आठ दिवस त्रासाचे जातात.

पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं की महिनाभर कुरकुर करतं, मग त्याला गिरणी ऐकू येईनाशी होते. गिरणी बंद पडलेली नसते. हा आवाज घातक नाही, असं मेंदूनं ठरवून टाकलेलं असतं. १९९० च्या सुमारास पॉवेल जास्ट्रेबॉफ यांनी कर्णनादाचा असाच विचार मांडला आणि त्यावर उपचारपद्धती बसवली. मनातल्या भीतीवर काम करणारी सीबीटी ही बोलण्याची उपचारपद्धतीही याच वाटेनं जाते. आवाज त्यानं जात नाही, त्याचा जाच कमी होतो, आणि आजवर ज्याचे बरे पुरावे आहेत असा हा उपाय आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावल्यावर पुष्कळांचा आवाज मागे हटतो. आमच्याकडं मात्र चष्म्याची लाज कुणाला वाटत नाही आणि यंत्राची वाटते.

सकाळी रंकाळ्याला किंवा विद्यापीठाच्या आवारात तासभर चालणं हाही जाच हलका करण्याचाच उपाय. त्यानं रक्तदाब, साखर, झोप, मन सगळंच जाग्यावर येतं आणि चालताना कानाला मोकळा, मऊ आवाज मिळतो. विद्यापीठात मोर ओरडतात. इअरफोन घरी ठेवून जावं.

काही कान मात्र पथ्य करत बसण्यातले नसतात. अचानक, एका दिवसात ऐकू कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरच्या औषधाला वेळेची गाठ असते, जितका उशीर तितका गुण यायची आशा कमी. एकाच कानात आवाज येत राहिला, तो नाडीबरोबर धडधडत असला, बरोबर चक्कर किंवा तोंड वाकडं होणं असलं, तरी तपासणी हवी. आवाजापायी जगणं नको झालं असेल तर तेही मोकळेपणानं सांगायचं असतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. ऑडिओमेट्री म्हणजे हेडफोन लावून बारीक बारीक सूर ऐकायचे आणि बटण दाबायचं, दुखत काही नाही. पन्नाशी उलटलेल्या आणि फौंड्रीत किंवा मागावर काम केलेल्या प्रत्येकानं ती एकदा करून घ्यावी.

येत्या अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडला जाणार असाल तर खिशात फोमचे बोळे ठेवा. थोड्या पैशात मेडिकलमध्ये मिळतात. कापसाच्या बोळ्यानं काही होत नाही. बोटांत पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरायचे. स्पीकरच्या भिंतीपासून जितकं लांब राहता येईल तितकं राहा आणि मधूनमधून एखाद्या बोळात शिरून कानांना उसंत द्या. पोराला खांद्यावर घेतलं असेल तर त्याचे कान नेमके स्पीकरच्या तोंडाशी येतात. त्याला आधी खाली उतरवा.